कांद्याचा भाव आणि विद्युतक्षेत्र

दुबईतल्या मराठी घरात 'देवाचं बिल भरलंस का?' हा प्रश्न ऐकला की नुकताच भारतातून आलेला पाहुणा दचकतो. इथे देवही बिल पाठवतो की काय! खुलासा साधा आहे. दुबईच्या वीज आणि पाणी मंडळाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं इथले भारतीय सर्रास 'देवा' अशी उच्चारतात. मंडळाच्या अरबी नावात विजेसाठी जो शब्द आहे तो मात्र आपल्या आजच्या विषयाच्या थेट मुळाशी नेतो. तो शब्द म्हणजे 'कहरबा'.

कहरबा मूळचा फारसी. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे पळवणारा. दिल पळवणारी ती दिलरुबा, तसा काडी पळवणारा तो काहरुबा. हे नाव आहे अंबर या पिवळसर खड्याचं. प्राचीन झाडांची राळ लाखो वर्षं जमिनीत राहून तो घडतो, आणि लोकरीवर घासला की गवताच्या बारीक काड्या स्वतःकडे ओढतो. संस्कृतात त्यालाच तृणमणी म्हणतात. ग्रीकांनी त्याला इलेक्ट्रॉन म्हटलं आणि त्यावरून युरोपने विजेचं नाव बेतलं. भाषा तीन, पण सगळ्यांनी नाव दिलं ते ओढल्या जाणाऱ्या काडीवरून नाहीतर ओढणाऱ्या खड्यावरून. खडा आणि काडी यांच्या मधल्या रिकाम्या जागेत काय आहे, याला कुणीच नाव दिलं नव्हतं.

ते नाव एकोणिसाव्या शतकात मिळालं: विद्युतक्षेत्र. आज सीबीएसईच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला पहिलाच धडा विद्युत प्रभार आणि विद्युतक्षेत्राचा असतो. अमिरातीतली हजारो भारतीय मुलं तो वाचून विद्यापीठात जातात. कुणी अल ऐनच्या १९७६ साली सुरू झालेल्या यूएई विद्यापीठात, कुणी शारजाच्या अमेरिकन विद्यापीठात, कुणी २००० सालापासून दुबईत असलेल्या बिट्स पिलानीत, तर कुणी २०२४ साली बी.टेक.ची पहिली तुकडी घेतलेल्या आयआयटी दिल्लीच्या अबू धाबीतल्या संकुलात. पहिल्या वर्षी तोच धडा पुन्हा समोर येतो. सूत्रं पाठ असतात, गणितं सुटतात आणि तरीही एखादा बिनआकड्यांचा साधा प्रश्न वर्गाला गप्प करतो. जगभर असंच घडतं, आणि त्यावर गेली तीन-चार दशकं पद्धतशीर संशोधन झालेलं आहे.

क्षेत्राला कुंपण नसतं

पहिली ठेच शब्दालाच लागते. मराठी माणसाला क्षेत्र म्हटलं की पंढरपूर आठवतं, शेताचं क्षेत्रफळ आठवतं, धरणाचं लाभक्षेत्र आठवतं. या सगळ्यांना हद्द असते. लाभक्षेत्रात तुमचं शेत आहे किंवा नाही, मधलं काही नाही. त्यामुळे 'प्रभाराभोवती विद्युतक्षेत्र असतं' हे वाक्य वाचताच डोळ्यांपुढे एक गोल कुंपण येतं: आत क्षेत्र, बाहेर काही नाही.

अरबी पुस्तकात यालाच 'अल-मजाल अल-कहरबाई' म्हणतात. हा मजाल आपला ओळखीचा आहे. 'तुझी काय मजाल!' म्हणतो ना आपण, तोच. अरबीत त्याचा मूळ अर्थ फिरायला, वावरायला असलेली मोकळी जागा. म्हणजे तिथेही पुन्हा जागाच. इंग्रजी शब्दाचा घरगुती अर्थही शेत किंवा मैदान. तिन्ही भाषा विद्यार्थ्याला एकाच चुकीच्या वाटेला लावतात.

भौतिकशास्त्रातलं क्षेत्र ही जागा नव्हे. जागेतल्या प्रत्येक बिंदूला जडलेली ती एक राशी आहे. हवामान खात्याचा नकाशा घ्या. त्यात प्रत्येक ठिकाणी वारा किती आणि कोणत्या दिशेने, हे बाणांनी दाखवलेलं असतं. नाशिकला एक बाण, रत्नागिरीला दुसरा. महाराष्ट्र ही जागा झाली, आणि त्या बाणांचा सगळा संच म्हणजे वाऱ्याचं क्षेत्र. विद्युतक्षेत्र असंच: प्रत्येक बिंदूला एक बाण, त्याला लांबी आणि दिशा. एकट्या प्रभारापासून दुप्पट दूर गेलं की बाण चौथाई होतो, दहापट दूर गेलं की शंभरावा हिस्सा. तो बारीक होत जातो, पण कुठल्याही हद्दीवर एकदम संपत नाही.

भाव आणि रक्कम

आता तो वर्गाला गप्प करणारा प्रश्न. एका बिंदूवर २ नॅनोकुलोमचा छोटा परीक्षण प्रभार ठेवला. त्याच्यावर ६ मायक्रोन्यूटन बल लागलं. बलाला प्रभाराने भागायचं, म्हणून तिथलं विद्युतक्षेत्र कुलोममागे ३,००० न्यूटन. इथवर सगळ्यांचं उत्तर बरोबर येतं. आता तो प्रभार उचला आणि त्याच जागी ४ नॅनोकुलोमचा ठेवा. क्षेत्र किती?

'१,५००' हे उत्तर हमखास येतं. सूत्रात प्रभार खाली आहे, तो दुप्पट झाला, मग क्षेत्र निम्मं, असा हिशेब. पुढचा प्रश्न आणखी मजेशीर: आता तिथला प्रभार काढूनच घ्या. क्षेत्र किती? 'शून्य, कारण बलच नाही.' काहीजण तर गोंधळून शून्याला शून्याने भागायला बसतात.

दोन्ही वेळा उत्तर ३,०००च आहे. प्रभार दुप्पट केला की बलही दुप्पट, १२ मायक्रोन्यूटन होतं, भागाकार तोच राहतो. हे कळायला लासलगावच्या बाजार समितीत जाऊन यावं. समजा आज कांद्याचा भाव क्विंटलला १,५०० रुपये आहे. दोन क्विंटल विकणाऱ्याला ३,००० मिळतील, चार क्विंटलवाल्याला ६,०००. चार क्विंटल आणले म्हणून भाव निम्मा झाला, असं कुणी शेतकरी म्हणणार नाही. आणि एखाद्याने आज कांदा आणलाच नाही, तर त्याच्यापुरता भाव शून्य झाला असंही नाही. फळ्यावर तो लिहिलेलाच आहे. विद्युतक्षेत्र म्हणजे भाव, बल म्हणजे हातात पडलेली रक्कम आणि परीक्षण प्रभार म्हणजे तुम्ही आणलेला माल.

हा दाखला आणखी एक गाठ सोडवतो. पुस्तकात नेहमी लिहिलेलं असतं की परीक्षण प्रभार अगदी लहान घ्यावा. का, ते बहुतेक मुलं विचारत नाहीत. एखाद्याने एका सकाळी शेकडो ट्रक कांदा आणून ओतला, तर त्याच्या मालानेच भाव पडेल. तसाच मोठा परीक्षण प्रभार आणला, तर तो मूळ प्रभारांनाच ढकलून इकडेतिकडे करील आणि जे मोजायचं तेच बिघडवील. बाजाराला न कळता भाव विचारून यायचा असेल, तर पिशवीभरच कांदा न्यावा.

इथे दोष आळसाचा नाही. सूत्र म्हणजे व्याख्या नसून कारण आहे, असं मुलं समजतात. 'बल भागिले प्रभार' यात क्षेत्र मोजायचं कसं, ते सांगितलंय. ते कशामुळे निर्माण झालं, याचा त्यात शब्दही नाही. ते निर्माण झालं दूरच्या दुसऱ्याच प्रभारांमुळे, आणि त्या ओळीत त्यांचा मागमूसही नाही.

बळी तो कान पिळी?

२००१ साली डेव्हिड मॅलोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत वीज आणि चुंबकत्वाच्या कल्पना तपासणारी ३२ प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते. तिच्यात कॅल्क्युलेटर लागत नाही. महाविद्यालयाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावरही अमेरिकन विद्यार्थ्यांची सरासरी निम्म्याखालीच राहिली.

त्यातल्या एका धर्तीचा प्रश्न असा: दोन सारख्या प्रभारांपैकी एक चौपट केला. आता लहानावर किती बल आणि मोठ्यावर किती? पुष्कळांचं उत्तर 'बळी तो कान पिळी' या न्यायाने येतं: मोठा लहानाला जास्त ढकलतो. खरं तर दोघांवरचं बल सारखंच असतं, आधीच्या चौपट. न्यूटनचा तिसरा नियम या मुलांनी अकरावीत शिकलेला असतो, पण तो यांत्रिकीच्या कप्प्यात ठेवलेला असतो आणि विजेच्या कप्प्याला कुलूप वेगळं.

रेषांचं दुखणं वेगळं आहे. क्षेत्र दाखवायला आपण बलरेषा काढतो. १९९३ साली स्वीडनच्या टॉर्नक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम चुका घातलेलं बलरेषांचं चित्र दिलं. त्यात एकमेकींना छेदणाऱ्या आणि मध्येच मोडलेल्या रेषा होत्या. पुष्कळ विद्यार्थ्यांना त्यात काही खटकलं नाही. रेषा छेदल्या तर त्या बिंदूवर बाणाच्या दोन दिशा होतील, आणि प्रभाराने जायचं कुठे? हा विचार करायला रेषा म्हणजे बाणांचा आलेख आहे हे आठवावं लागतं. बहुतेकांच्या मनात ती प्रत्यक्ष ताणलेली दोरी झालेली असते. मग दोन रेषांच्या मधल्या जागेत क्षेत्र नाही, असंही वाटू लागतं. नकाशावर दोन समोच्च रेषांच्या मध्ये जमीनच नाही म्हणण्यासारखं.

आणखी एक समजूत चिवट आहे: प्रभार बलरेषेवरूनच धावतो. इथे दगड फेकून पाहावा. पृथ्वीचं गुरुत्वक्षेत्र सरळ खाली आहे, तरी फेकलेला दगड कमान काढून जातो. क्षेत्र ठरवतं ते त्वरण. वस्तू आधीच कुठल्या वेगाने निघाली होती, हेही मार्गात उतरतं.

एक झाकण, एक चाळणी

फ्रान्समध्ये लॉरेन्स व्हिएनो आणि सिल्व्ही रेन्सों यांनी १९९२ साली आणखी एक अडचण मांडली. विद्युतरोधक पदार्थाच्या आत क्षेत्र असतं, हे विद्यार्थी मानायला तयार नसतात. कारण देतात, 'तिथे प्रभार हलू शकत नाहीत ना!' काही हललं तरच क्षेत्र आहे, असा त्यांचा आडाखा. परिणाम दिसला नाही की कारणही नाही.

हे घरी ओट्यावर तपासता येतं. कागदाचे अगदी बारीक कपटे करून टेबलावर पसरा. दोन काडेपेट्यांवर डब्याचं पातळ प्लास्टिकचं झाकण असं ठेवा, की ते कपट्यांच्या जेमतेम वर राहील. कोरड्या केसांत प्लास्टिकचा कंगवा जोरात फिरवून झाकणाला वरून टेकवा. खालचे कपटे उडून झाकणाच्या तळाला चिकटतील. मधल्या प्लास्टिकमध्ये काहीच वाहिलं नाही, तरी क्षेत्र आरपार पोचलं.

आता झाकण काढा आणि त्या जागी पिठाची स्टीलची चाळणी ठेवा, जाळी कपट्यांच्या जरा वर आणि एक बोट चाळणीच्या कडेला. पुन्हा कंगवा फिरवून जाळीजवळ न्या. कपटे जागचे हलणार नाहीत. जाळीला हजारो भोकं आहेत, हवा मोकळी खेळते आहे, आणि तरी क्षेत्र पलीकडे गेलं नाही. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कंगव्याचं क्षेत्र त्यांना सरकवतं, आणि सरकलेले प्रभार आपलं स्वतःचं असं क्षेत्र तयार करतात की खालच्या बाजूला दोघांची बेरीज जवळपास शून्य होते. जाळीने क्षेत्र 'अडवलं' म्हणणं सोयीचं आहे, पण प्रत्यक्षात झाली ती दोन क्षेत्रांची वजाबाकी. कंगव्याचं क्षेत्र जाळीपलीकडेही आहेच. जवळपास तेवढंच उलटं क्षेत्र त्याच्या शेजारी उभं राहिलं इतकंच. ही बेरीज-वजाबाकी ज्याला उमगली, त्याचा अर्धा धडा झाला.

मायकेल फॅरडेने १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हीच गोष्ट बारा फूट लांब-रुंद-उंच खोका बांधून दाखवली होती. खोक्याला बाहेरून जाळी आणि पत्रा लावून प्रचंड प्रभार दिला, ठिणग्या उडू दिल्या आणि स्वतः उपकरणं घेऊन आत बसला. आत काहीही जाणवलं नाही. विजांच्या कडकडाटात मोटारीत बसणं सुरक्षित असतं ते याचमुळे. 'टायर रबराचे असतात म्हणून' हे उत्तर अभियांत्रिकीची मुलंही देतात. जी वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली आली, ती चार बोटं रबराला काय जुमानणार! आपल्याला वाचवते ती गाडीची धातूची चौकट: बाहेरून वीज वाहून जाते, आत बसलेल्याला झळ लागत नाही.

मग क्षेत्र हवंच कशाला?

हुशार विद्यार्थी कधीतरी विचारतो: कुलोमचा नियम आहेच की. दोन प्रभार, त्यांतलं अंतर, बल काढलं, संपलं. मध्ये हे क्षेत्र कशाला घुसवायचं? स्पेनच्या बास्क प्रदेशात फ्युरिओ आणि गिसासोला यांनी १९९८ साली दाखवलं, की बरेच विद्यार्थी विद्यापीठातही मनाने कुलोमच्याच काळात राहतात. त्यांच्या लेखी क्षेत्र म्हणजे बलाचंच दुसरं नाव.

प्रश्न रास्त आहे. कुलोमने १७८५ साली नियम मांडला, तेव्हा क्षेत्राची गरज नव्हतीच. मात्र त्या नियमात एक अडचण लपलेली होती. समजा मुंबईत एक प्रभार आहे आणि दुबईत दुसरा. मुंबईतला आत्ता हलवला. दुबईतल्याला कधी कळेल? कुलोमचं सूत्र म्हणतं, त्याच क्षणी. मध्ये अरबी समुद्र आहे, सुमारे १,९०० किलोमीटर अंतर आहे, याचं त्याला काही नाही. एका वस्तूने मध्ये काहीही नसताना दुसरीला दुरून ओढावं, ही कल्पना गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात खुद्द न्यूटनलाही पटत नव्हती.

ही मधली जागा भरली फॅरडेने. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणितात फारसं न शिकलेला हा माणूस. लोखंडाचा कीस टाकून कागदावर उमटणाऱ्या रेषा त्याने पाहिल्या आणि म्हटलं, रिकामी जागा रिकामी नाहीच. मॅक्सवेलने त्याच्या रेषांना गणिताची भाषा दिली. १८५७ साली फॅरडेने मॅक्सवेलला पत्रातून विचारलं होतं, की गणितज्ञांना निष्कर्ष मिळाले की ते आपल्या चित्रलिपीतून साध्या भाषेत उतरवून आमच्यासारख्यांना देता येणार नाहीत का? भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न भिंतीवर लावावा.

मॅक्सवेलच्या समीकरणांतून निघालं, की क्षेत्रातला बदल प्रकाशाच्या वेगाने सरकतो. मुंबईतल्या हालचालीची खबर दुबईला सुमारे ६ मिलिसेकंदांनी पोचते. मधल्या त्या वेळात ऊर्जा मुंबईत नाही, दुबईतही नाही. ती क्षेत्रात आहे. १८८७-८८ मध्ये हर्ट्झने प्रयोगशाळेत अशा लहरी निर्माण करून दाखवल्या. आज दुबईतली मुलगी फोनवर सांगलीच्या आजीशी बोलते, तेव्हा तिचा शब्द वाटेत काही अंतर तरी निव्वळ क्षेत्र म्हणून प्रवास करतो.

घरातला दिवा बटण दाबताच लागतो, तोही क्षेत्रामुळेच. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून बॅटरीचा एक अँपिअर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी ०.०७ मिलिमीटर पुढे सरकतो. एक मीटर जायला त्याला जवळजवळ चार तास लागतील. दिव्याने त्याची वाट पाहिली असती तर अंधारातच जेवावं लागलं असतं. बटण दाबताच तारेभर क्षेत्र उभं राहतं आणि सगळे इलेक्ट्रॉन आपापल्या जागेवरून चालू लागतात.

आणि तरीही 'क्षेत्र कशाला?' विचारणाऱ्या मुलाला हसू नये. आपल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर नेमका याच प्रश्नावर गंभीर काम केलं होतं. क्षेत्राला स्वतंत्र अस्तित्व न देता, प्रभारांच्या थेट परस्परक्रियेतून विद्युतचुंबकीय सिद्धांत मांडता येतो का, यावरचं त्या दोघांचं पुस्तक १९७४ साली आलं. म्हणजे पहिल्या बाकावरच्या मुलाची शंका केंब्रिजमध्येही आदराने घेतली गेली होती. फरक एवढाच, की तिथे त्या शंकेला विलंबाचा आणि ऊर्जेचा हिशेब द्यावा लागला.

अल ऐनच्या हवेतला बाण

अमिरातीतल्या विद्यार्थ्याला क्षेत्र पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. तो त्यातच उभा असतो. निरभ्र दिवशी जमिनीजवळच्या हवेत मीटरला सुमारे १०० व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र असतं, दिशा वरून खाली. जगभरची वादळं पृथ्वीला ऋण आणि वरच्या वातावरणाला धन ठेवतात, त्याचा हा परिणाम. मग पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्यात आणि पायात पावणेदोनशे व्होल्टचा फरक हवा. धक्का का बसत नाही?

हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. उत्तर चाळणीतच आहे. माणसाचं शरीर वाहक आहे. त्यातले प्रभार सरकतात आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं एकाच विभवावर, म्हणजे एकाच व्होल्टेजवर, येतं. क्षेत्राचे बाण आपल्याकडे वळून अंगाच्या पृष्ठभागावरच थांबतात, आणि हवा इतकी वाईट वाहक आहे की तिच्यातून येणारा प्रवाह नगण्य असतो.

अल ऐनमध्ये हे क्षेत्र प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. त्यासाठी वापरतात त्या उपकरणाचं नाव फील्ड मिल, म्हणजे क्षेत्राची चक्कीच म्हणा. तिच्यात धातूची पाती फिरत राहतात आणि खालची तबकडी आळीपाळीने झाकतात, उघडी करतात. तबकडी उघडी पडली की हवेतलं क्षेत्र तिच्यावर प्रभार ओढून आणतं, झाकली की तो परत जातो. या येण्याजाण्याचा प्रवाह मोजला की क्षेत्र कळतं. ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातल्या केरी निकोल, जाइल्स हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की समुद्रावरून निघालेलं वारं किनाऱ्यापासून इतक्या आत अल ऐनला पोचतं, तेव्हा ते धूळ उडवतं आणि हवेतलं विद्युतक्षेत्र बदलतं. वाळूचे कण एकमेकांवर घासतात, बहुधा बारीक कण ऋण होतात, मोठे धन. बारीक वर उडतात, मोठे खाली राहतात. तृणमणी लोकरीवर घासावा, तेच वाळवंट स्वतः करतं.

हॅरिसन यांच्या पथकाला २०१७ साली अमिरातीच्या पर्जन्यवाढ संशोधन कार्यक्रमातून निधी मिळाला होता. ढगातल्या थेंबांना प्रभार दिला तर ते एकमेकांत मिसळून लवकर मोठे होतील का, हा त्यांचा प्रश्न. ढगात प्रभार सोडणारी छोटी वैमानिकरहित विमानंही त्यांनी त्यासाठी तयार केली. इथे विद्यार्थ्यांचा आणखी एक पाठ केलेला नियम डळमळतो. 'सजातीय प्रभार दूर लोटतात' हे बिंदूएवढ्या प्रभारांबाबत खरं. एकाच चिन्हाचे पण लहानमोठे दोन थेंब अगदी जवळ आले, तर मोठ्याचं क्षेत्र लहानातले प्रभार असे सरकवू शकतं की शेवटी ओढच जिंकते. नियम पाठ असलेल्याला हे अशक्य वाटतं. बाणांची बेरीज करणाऱ्याला यात नवल वाटत नाही.

आणि मोटारीतून उतरताना दाराला हात लागताच बसणारा तो चटका? हवा मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टच्या क्षेत्रात फुटते. बोट आणि दार यांत ३ मिलिमीटरची ठिणगी उडाली, तर सुमारे ९,००० व्होल्ट होते. जीव जात नाही, कारण प्रभार अगदी थोडा असतो. भाव आभाळाला भिडलेला, पण माल मूठभर.

बिनआकड्यांचे प्रश्न

हार्वर्डचे एरिक माझूर १९९०च्या सुमारास एका साध्या कल्पना-चाचणीने हादरले. आपले विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण त्यामागचा साधा प्रश्न चुकतात, हे त्यांना दिसलं. त्या चाचणीच्या वेळी एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं होतं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? माझूर यांनी व्याख्यान कमी केलं. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. शेजाऱ्याला नुकतंच कळलेलं असतं, त्यामुळे कुठे अडतं ते त्याला सरांपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू केलेला 'फेट' हा उपक्रमही इथे कामाचा आहे. त्याच्या प्रभार आणि क्षेत्राच्या आभासी पटावर तुम्ही प्रभार मांडता आणि एक संवेदक फिरवता. जिथे न्याल तिथे बाण दिसतो. पटावर प्रत्येक बिंदूला भाव आहे, कुणी माल आणो वा न आणो, हे डोळ्यांनी दिसतं. फेटचे बरेच खेळ मराठीत आणि अरबीतही आहेत. आपल्याकडे मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ सालापासून विद्यार्थ्यांच्या मनातल्या अशा कल्पनांचा शोध घेत आलं आहे.

अमिरातीतल्या वर्गाची एक जमेची बाजूही आहे. एका बाकावर घरी अरबी बोलणारा, शेजारी मल्याळम, मागे मराठी, आणि पुस्तक इंग्रजीत. शिक्षकाने पाच मिनिटं काढून 'तुमच्या भाषेत याला काय म्हणतात आणि त्या शब्दाचा घरी काय अर्थ होतो?' एवढं विचारलं, तर मजालही निघेल, क्षेत्रही निघेल आणि कुंपणंही उघडी पडतील. चुकीची कल्पना बोलून दाखवली तरच दुरुस्त होते. मनात ठेवली तर ती परीक्षेपुरती बरोबर उत्तरामागे लपते आणि पेपर झाला की परत येते.

खासगी शिकवण्यांचा आणि प्रवेशपरीक्षांचा धाक दुबईतही पुण्याइतकाच आहे. ९ गुणिले १० चा ९वा घात हा स्थिरांक झोपेतून उठवलं तरी मुलं सांगतात. त्यात गैर काही नाही. पण घरात बारावीचा किंवा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असेल, तर आज रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा: एका बिंदूवर प्रभार ठेवून क्षेत्र मोजलं आणि प्रभार उचलून घेतला, आता तिथे क्षेत्र किती? तो 'शून्य' म्हणाला, तर लगेच चूक सांगू नका. आज कांद्याचा भाव काय आहे, ते विचारा. आणि आपण कांदा घेतला नसता तर तो किती असता, हेही विचारा. उत्तर त्याचं त्याला सापडेल.